पंचनाम्यापासून खात्यापर्यंत : अतिवृष्टी अनुदानाविषयी वाचकांचे प्रश्न

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने सीना, मांजरा, तेरणा आणि गोदावरी या नद्यांच्या काठची पिके तर नेलीच, पण काही ठिकाणी पिकाखालची मातीही नेली. त्या नुकसानीच्या सरकारी मदतीसंबंधी या सदराकडे इतकी पत्रे आली की या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारणारी पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे देणाऱ्याने महसूल खात्यात, म्हणजे तहसिलीतल्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, बरीच वर्षे काढली आहेत. त्यामुळे त्या बाजूच्या अडचणीही काही ठिकाणी सांगितल्या आहेत, त्या सबबी समजू नयेत.

प्रश्न : कोरडवाहू सोयाबीनला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे एकराला साधारण ३,४०० रुपये. बी, खत, फवारणी आणि मजुरी यांवर माझा त्याच्या कितीतरी पट खर्च झाला होता. याला नुकसानभरपाई कशी म्हणावी? (एक शेतकरी, ता. परांडा, जि. धाराशिव)

उत्तर : म्हणू नये, आणि शासनही तसे म्हणत नाही. मदतीचा शासन निर्णय काढून पाहिल्यास त्यात ‘निविष्ठा अनुदान’ असा शब्द आढळेल. बुडालेल्या पिकाची किंमत भरून देणे हा या रकमेचा हेतू नसून, पुढच्या हंगामात बी-खत घेण्यापुरता हातभार लावणे एवढाच तो आहे. म्हणूनच ही मदत ‘एका हंगामात एकवेळ’ मिळते, आणि जूनमध्ये एकदा व सप्टेंबरमध्ये पुन्हा पीक गेले तरी त्याच क्षेत्राला दोनदा अनुदान मिळत नाही. इंग्रजी अमदानीत १८८३ व १८८४ च्या कायद्यांखाली शेतकऱ्याला तगाई मिळे. ती कर्ज होती आणि ती फेडता फेडता घरातली भांडी विकल्याच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी आजोबांकडून ऐकल्या असतील. आजचे अनुदान फेडावे लागत नाही, एवढा फरक मोठा आहे. परंतु ‘शेतकरी पुन्हा उभा राहावा’ इतपतच पाहण्याची दृष्टी त्या काळापासून फारशी बदललेली नाही, असे माझे मत आहे.

दर कोठून येतात हेही पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के रक्कम घालते, आणि त्या निधीतून किती द्यावे याचे निकष केंद्र ठरवते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायती पिकाला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. (२०१५ पूर्वी ही अट ५० टक्के नुकसानीची होती.) याहून जास्त द्यायचे तर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने तेव्हाच्या केंद्रीय दरांच्या दुप्पट, म्हणजे १३,६००, २७,००० आणि ३६,००० रुपये तीन हेक्टरांपर्यंत दिले; जानेवारी २०२४ मध्ये तेच दर पुन्हा लागू केले; आणि ३० मे २०२५ रोजी ते मागे घेऊन पुन्हा केंद्राचे दर व दोन हेक्टरांची मर्यादा आणली. त्यानंतर चार महिन्यांत महापूर आला. शेजाऱ्याला मागे एकरी जास्त मिळाले होते, मला कमी का, असे विचारणाऱ्या बहुतेक पत्रांचे उत्तर या तारखांमध्ये आहे. गावच्या तलाठ्याला त्याबद्दल बोल लावून उपयोग नाही.

पूर आल्यावर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटी रुपयांच्या पॅकेजमध्ये मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर बाबींसाठी हेक्टरी १०,००० रुपये जास्तीचे ठरले. म्हणजे आपले कोरडवाहू सोयाबीन १ हेक्टर २० आर (१०० आर म्हणजे एक हेक्टर) असेल, तर पीक अनुदान १०,२०० रुपये आणि रब्बीसाठीचे १२,००० रुपये, असे एकूण २२,२०० रुपये होतात. या दोन्ही रकमा वेगवेगळ्या आदेशांनी आणि वेगवेगळ्या वेळी जमा झाल्या आहेत. बँकेच्या पुस्तकात त्या एकत्र शोधू नयेत. हिशेब तपासताना आरच्या भाषेत मोजावे : कोरडवाहूला एका आरला ८५ रुपये. अगदी लहान तुकडा असला तरी कोरडवाहूला किमान १,००० आणि बागायतीला किमान २,००० रुपये देण्याची तरतूद निकषांत आहे, ती मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रश्न : आमच्या गावात पंचनामा करायला कोणी बांधावर आलेच नाही. चावडीत बसून यादी झाली असे लोक म्हणतात. माझ्या शेजारच्या गटाचे नाव यादीत आहे, माझे नाही. दाद कोठे मागावी? (ता. माढा, जि. सोलापूर)

उत्तर : या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण अनुदानाचे जे काही बरेवाईट होते ते पंचनाम्यापाशीच होते, पुढे सारा हिशेबाचा आणि संगणकाचा भाग असतो.

नियमाप्रमाणे पंचनामा तिघांनी मिळून करायचा असतो : तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक. (आता यांची पदनामे अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत, गावात जुनीच नावे चालतात, म्हणून येथेही तीच वापरली आहेत.) तिघांनी मिळून नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की खाली, एवढेच ठरवायचे असते. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण ३५ टक्के नुकसान झालेल्याला आणि ९५ टक्के नुकसान झालेल्याला हेक्टरी दर एकच आहे, आणि ३० टक्केवाल्याला काहीच नाही. म्हणजे पंचनाम्यातल्या एका आकड्यावर सगळे किंवा काहीच नाही असा निकाल लागतो. या रचनेत दोष आहे असे मी नोकरीत असतानाही म्हणत असे. बांधावर उभ्या असलेल्या माणसाकडे ३० आणि ३५ यांतला फरक मोजण्याचे कोणतेही साधन नसते. तो डोळ्यांनी अंदाज करतो, आणि त्या अंदाजात सौजन्य, भीती, ओळख हे सगळे मिसळते.

चावडीत बसून यादी होते हे काही गावांच्या बाबतीत खरे आहे. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावांचा सजा, आठ-दहा दिवसांची मुदत, रस्ते वाहून गेलेले आणि गट शेकड्यांनी. अशा वेळी आठ-अ चे (खातेदाराच्या एकूण जमिनीचे) उतारे आणि पीक पाहणीच्या नोंदी समोर ठेवून याद्या भरल्या जातात. पुराने सरसकट नुकसान झालेल्या शिवारात त्यामुळे फारसा अन्याय होत नाही. परंतु ज्या शिवारात ओढ्याच्या एका अंगाचे पीक गेले आणि दुसऱ्या अंगाचे वाचले, तेथे नेमके आपल्यासारखे शेतकरी सुटतात आणि ज्यांचे काहीच गेले नाही ते आत येतात.

आपण काय करावे? प्रथम ग्रामपंचायतीच्या किंवा चावडीच्या फलकावर लावलेली यादी स्वतः वाचावी. ‘अमुक म्हणाला की तुझे नाव नाही’ यावर थांबू नये. नाव असेल तर गट क्रमांक, पीक, कोरडवाहू की बागायती, आणि बाधित क्षेत्र हे चारही रकाने पाहावेत. माझ्या नोकरीच्या काळात ०.८० चे ०.०८ झालेले मी इतक्या वेळा पाहिले आहे की क्षेत्राच्या रकान्यातला दशांशबिंदू हा मला कायम संशयित वाटतो. नाव नसेल तर तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज करावा आणि त्यासोबत सातबारा, ई-पीक पाहणीत त्या हंगामात ते पीक नोंदल्याचा उतारा आणि पाण्यात असलेल्या पिकाची छायाचित्रे जोडावीत. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू आहे. ती आपण स्वतः मोबाइलवरून केली असेल तर ‘या गटात सोयाबीन होतेच’ हे सिद्ध करायला दुसऱ्या कोणाची साक्ष लागत नाही. केली नसेल तर पुढच्या हंगामापासून ती चुकवू नये.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. तोंडी सांगितलेली तक्रार कार्यालयात कोठेच राहत नाही. साहेब ‘बघतो’ म्हणतात तेव्हा ते खरेच बघायच्या मनःस्थितीत असतात, पण संध्याकाळपर्यंत अशी शंभर माणसे येऊन गेलेली असतात. उत्तर न आल्यास उपविभागीय अधिकारी, आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन, ही पुढची पायरी. यासोबत माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत मागावी. ती तीस दिवसांत मिळाली पाहिजे. पंचनाम्यात आपला गट ‘नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा कमी’ असा दाखवला आहे, की पंचनामाच झालेला नाही, या दोन गोष्टींत पुढच्या अर्जाचा मजकूर वेगळा असावा लागतो. म्हणून आधी प्रत घ्यावी, मग भांडावे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नोकरीला आहे. तो सांगतो की तिकडे कोणत्या काउंटीत कोणत्या शेतकऱ्याला आपत्तीचे किती पैसे मिळाले हे संगणकावर नावानिशी पाहता येते. हे खरे आहे काय? आणि तिकडे पंचनामा कोण करतो? (ता. बारामती, जि. पुणे)

उत्तर : खरे आहे. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही तिकडची एक बिगरसरकारी संस्था तेथील माहितीच्या कायद्याखाली कृषी खात्याच्या नोंदी मिळवते आणि १९९५ पासून शेतकऱ्यांना दिलेल्या रकमा राज्य, काउंटी आणि लाभार्थी अशा क्रमाने प्रसिद्ध करते; त्यात आपत्तीची देणी वेगळी काढून दाखवलेली असतात. काउंटी हा आपल्या जिल्ह्यासारखा घटक, पण ग्रामीण काउंटीची लोकसंख्या कित्येकदा आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच असते. त्यामुळे त्या यादीतला जवळजवळ प्रत्येक माणूस एकमेकांना ओळखतो, आणि याद्यांवरून तिकडेही कुजबूज होतेच.

पंचनाम्याची पद्धत मात्र वेगळी आहे. काउंटीत फार्म सर्व्हिस एजन्सी या सरकारी संस्थेचे कार्यालय असते आणि त्यावर शेतकऱ्यांनीच तीन वर्षांसाठी निवडून दिलेली समिती असते. पिकांचा मोठा भार विम्यावर आहे. विम्याबाहेरच्या नुकसानीसाठी संसद वेळोवेळी वेगळी रक्कम मंजूर करते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने आदल्या दोन वर्षांतील आपत्तींच्या नुकसानीसाठी वीस अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली आणि त्यातील पिकांच्या मुख्य योजनेचे अर्ज जुलै २०२५ मध्ये सुरू झाले. २०२३ च्या नुकसानीचा अर्ज २०२५ मध्ये! तेव्हा विलंब हा काही आपल्याच तहसिलीचा मक्ता नाही.

गुराढोरांच्या चाऱ्यासाठीची योजना तर बांधावर कोणी न जाता चालते. दर गुरुवारी देशाचा दुष्काळ-नकाशा प्रसिद्ध होतो; २०१४ च्या कायद्याने एखादी काउंटी चराईच्या हंगामात सलग आठ आठवडे ‘तीव्र दुष्काळ’ या रंगात राहिली की तेथील पात्र पशुपालकांना मदत लागू होई (२०२५ मध्ये ही अट आणखी सैल केली आहे). यात डोळ्यांचा अंदाज नाही, ओळखपाळख नाही, ही बाजू मला आवडते. पण सबंध काउंटी एकाच मापाने मोजली की काय होते याचेही उदाहरण तिकडेच घडले आहे. २००२ साली दुष्काळग्रस्त पशुपालकांसाठी सुरू झालेल्या एका योजनेत पुढे ‘कोणत्याही कारणाने आपत्तिग्रस्त जाहीर झालेली काउंटी’ पात्र धरण्यात आली. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया हे अंतराळयान टेक्सासवर फुटले, त्याचे अवशेष पडलेला भाग आपत्तिग्रस्त जाहीर झाला, आणि तेथील पशुपालकांना दुष्काळाच्या योजनेतून पैसे मिळाले. तीन वर्षांनी वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने ते उघडकीस आणले. त्या चाऱ्याच्या योजनेला आज व्यक्तीमागे वर्षाला सव्वा लाख डॉलरची मर्यादा आहे; आपली मर्यादा पैशांत नसून हेक्टरांत आहे, हा आणखी एक फरक.

नावे जाहीर करण्याबद्दल म्हणाल तर त्यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधील बाराव्या बाबीनुसार अनुदान योजनांतील रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता प्रसिद्ध करायचा आहे. पंचनाम्यानंतरची यादी चावडीवर लागते, पण पैसे वाटून झाल्यावर ‘कोणाला किती मिळाले’ याची अंतिम यादी फलकावर अभावानेच दिसते. ती ग्रामसभेत मागावी. आपल्याकडे जालना जिल्ह्यात अनुदानाच्या याद्यांत बनावट नावे घुसवल्याची प्रकरणे उघडकीस येऊन तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. तेथील गावागावांत अंतिम याद्या वेळेवर वाचल्या गेल्या असत्या तर शेत नसलेली नावे गावकऱ्यांनी एका संध्याकाळीत ओळखली असती.

प्रश्न : यादीत नाव आहे, व्हीके नंबरही आला आहे, पण पैसे जमा नाहीत. सेवा केंद्रवाला म्हणतो तुमचे ‘ओके’ आहे. बँक म्हणते आमच्याकडे काही आले नाही. (ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : दोघेही बहुधा खरेच सांगत आहेत. व्हीके नंबर म्हणजे यादीतला आपला विशिष्ट क्रमांक. त्यावर सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण झाले की रक्कम सुटते. (शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, काढलेला असल्यास २०२५ च्या मदतीसाठी वेगळ्या ई-केवायसीची गरज ठेवलेली नाही.) परंतु ती रक्कम आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नसून, आधार ज्या बँक खात्याशी शेवटचे जोडलेले असते त्या खात्यात जाते. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी, गॅसच्या अनुदानासाठी किंवा कोणी मोबाइलवर उघडून दिलेल्या खात्याला आधार जोडलेले असते आणि माणूस ते विसरून गेलेला असतो. कोणत्याही बँकेत जाऊन आपले आधार सध्या कोणत्या बँकेशी संलग्न आहे हे पाहून घ्यावे. दहापैकी निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. ते खाते बंद पडलेले असेल तर रक्कम परत गेलेली असते आणि खाते दुरुस्त करून तहसिलीत तसे लेखी कळवावे लागते.

प्रश्न : वडील वारले, सातबारावर अजून त्यांचेच नाव आहे. आम्ही तीन भाऊ व दोन बहिणी. अनुदान कोणाच्या नावे निघेल? (ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : सध्याच्या स्थितीत कोणाच्याच नाही. मयत व्यक्तीचे आधार प्रमाणीकरण होऊ शकत नाही, त्यामुळे ती रक्कम यादीत दिसते आणि तशीच पडून राहते. वारस नोंदीचा अर्ज मृत्युदाखला व वारसांच्या तपशिलासह तलाठ्याकडे द्यावा. नोटिशीची मुदत संपून फेरफार मंजूर झाला की सर्वांची नावे लागतात. ‘जिवंत सातबारा’ या नावाने २०२५ मध्ये राज्यभर मोहीम झाली ती याचसाठी. नावे लागल्यावर खाते सामाईक होते, आणि अनुदान एकाच्या खात्यात घ्यायचे तर बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. बहिणींची नावे वगळून अर्ज करण्याचा सल्ला आपल्याला गावात नक्की मिळेल. तो मानू नये. त्या कायदेशीर वारस आहेत, आणि नाव लपवून झालेला फेरफार पुढे आव्हान दिल्यावर टिकत नाही. संमतीसाठी बहिणीकडे जावे, भाऊबीजेची वाट पाहू नये.

प्रश्न : अनुदान जमा झाले आणि दुसऱ्याच दिवशी बँकेने ते थकलेल्या पीक कर्जाकडे वळते केले. व्यवस्थापक म्हणतात, संगणकाने आपोआप केले. (ता. पाथरी, जि. परभणी)

उत्तर : मदतीच्या रकमेतून कोणत्याही बँकेने कोणतीही वसुली करू नये, असे मदत वाटपाच्या शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेले असते. संगणकाला शासन निर्णय वाचता येत नसला तरी व्यवस्थापकांना येतो. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रती तहसीलदार आणि जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक यांना द्याव्यात. जिल्हा बँक किंवा सोसायटी असेल तर जिल्हा उपनिबंधकांनाही द्यावी. खात्याच्या उताऱ्यावर जमा आणि कपात या दोन्ही नोंदी ठळक करून दाखवाव्यात. खात्यावर ‘होल्ड’ लावलेला असेल तर तोही याच अर्जात उठवायला सांगावे.

प्रश्न : नदीने अर्धा एकर जमीन खरडून नेली, उरलेल्यावर हातभर वाळू आहे, विहीर गाळाने भरली. हेक्टरी साडेतीन लाख मिळणार असे ऐकले होते. आले ते पीक अनुदान तेवढे. (ता. भूम, जि. धाराशिव)

उत्तर : तीन वेगळी नुकसाने आहेत आणि तिन्हींचे पंचनामे वेगळे व्हायला हवेत, पिकाच्या पंचनाम्यात ती आपोआप येत नाहीत, आणि आपल्या बाबतीत बहुधा तेच झाले आहे.

खरडून गेलेल्या जमिनीसाठी निकषांत हेक्टरी ४७,००० रुपये आहेत, आणि ते अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी आहेत. साडेतीन लाखांचा जो आकडा गावोगाव फिरला, त्यातले उरलेले तीन लाख रोजगार हमी योजनेतून व्हायच्या कामाचे आहेत. म्हणजे ते खात्यात येणार नसून, माती आणून जमीन पूर्ववत करण्याचे काम मंजूर होऊन त्यावर खर्च व्हायचे आहेत. घोषणा ऐकताना हा भेद कोणाच्या लक्षात आला नाही, आणि तो ठळकपणे सांगण्याची घाई कोणी केली नाही. अर्धा एकर म्हणजे २० आर धरल्यास रोख रक्कम ९,४०० रुपयांच्या आसपास भरते. नदीकाठच्या काळ्या मातीचा एक थर तयार व्हायला किती पिढ्या लागतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा आकडा पाहवणार नाही, पण निकष असा आहे.

वाळू किंवा गाळ तीन इंचांपेक्षा जाड साचला असेल तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये आहेत. जाडी सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावी लागते, म्हणून ट्रॅक्टर लावून साफ करण्याआधी पट्टी उभी करून छायाचित्र काढून ठेवावे. पेरणीच्या घाईत लोक आधी गाळ काढतात आणि मग पंचनाम्यासाठी फिरतात. मग मोजायला काही उरत नाही. विहिरीसाठी २०२५ च्या पॅकेजमध्ये ३०,००० रुपये ठरले आहेत. सातबाराच्या ‘इतर’ रकान्यात विहिरीची नोंद आहे का ते आधी पाहावे. नसेल तर अडचण तेथून सुरू होईल.

प्रश्न : आमच्या गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर आली. आता अनुदान मिळणार नाही का? (जि. यवतमाळ)

उत्तर : मिळेल. पैसेवारीचा, म्हणजे गावाच्या पीक उत्पन्नाच्या सरकारी अंदाजाचा, संबंध जमीन महसुलातील सूट, परीक्षा शुल्कमाफी अशा टंचाईच्या सवलतींशी आहे. अतिवृष्टीचे अनुदान आपल्या गटाच्या पंचनाम्यावर ठरते, गावाच्या पैसेवारीवर नाही. त्याचप्रमाणे महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की त्याला अतिवृष्टी म्हणतात. आपल्या मंडळात तेवढा पडला नसला, पण वरच्या अंगाच्या पाण्याने नदी फुगून पीक बुडाले असेल, तर ते पुराचे नुकसान म्हणून पंचनाम्यात घ्यावे लागते.

प्रश्न : पीक विमा भरला होता. अनुदान घेतले म्हणून विमा कंपनी नाकारू शकते का? (जि. हिंगोली)

उत्तर : नाही. अनुदान ही सरकारची मदत आहे आणि विमा हा हप्ता भरून घेतलेला करार. एकामुळे दुसरे बुडत नाही. मात्र खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातला विमा बंद होऊन खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्के असा हप्ता आला, आणि त्याचबरोबर स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती व पेरणी न होणे हे चार आधार योजनेतून गेले. आता मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरून सरासरी उत्पन्न घटल्याचे दिसले तरच भरपाई निघते. बहात्तर तासांत तक्रार नोंदवण्याची जी सवय शेतकऱ्यांनी मोठ्या कष्टाने लावून घेतली होती, ती खरीप २०२५ साठी निरुपयोगी ठरली. त्यामुळे अशा हंगामात एकट्याचे पीक गेलेल्या शेतकऱ्याला पंचनामा आणि अनुदान हाच एक आधार उरतो.

प्रश्न : मी दुसऱ्याची चार एकर बटाईने केली. बी-खत माझे, कष्ट माझे. अनुदान मालकाच्या खात्यात गेले. (जि. नांदेड)

उत्तर : यादी सातबारावरील खातेदाराप्रमाणे होते आणि बटाईचा करार आपल्याकडे बहुतेक वेळा तोंडी असतो, त्यामुळे तहसिलीत आपली दाद लागणार नाही. निविष्ठांसाठीचे अनुदान निविष्ठा न घातलेल्याला जाते, हा उफराटा न्याय आहे असे मला वाटते. पण आज मालकाशी बोलण्यावाचून मार्ग नाही. पुढच्या पाडव्याला बोली करताना ‘आपत्तीचे अनुदान आले तर कसे वाटायचे’ हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

प्रश्न : पुरात एक बैल आणि चार शेळ्या वाहून गेल्या. शेळ्यांची शवे सापडली, बैलाचे सापडले नाही. डॉक्टर म्हणतात, शव नाही तर दाखला नाही. (ता. करमाळा, जि. सोलापूर)

उत्तर : निकषांप्रमाणे ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० आणि शेळीमागे ४,००० रुपये आहेत, आपले एकूण ४८,००० रुपये होतात. शेळ्यांचा पशुवैद्यकीय पंचनामा झाला असेल तर त्यांचे १६,००० रुपये अडवून ठेवण्याचे कारण नाही, ते वेगळे मागावेत. बैलाच्या बाबतीत डॉक्टरांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरोबर आहे. जे जनावर समोर नाही त्याचे शवविच्छेदन ते करू शकत नाहीत. म्हणून तलाठी व ग्रामसेवक यांच्याकडून स्थानिक पंचनामा करून घ्यावा, त्यात शेजाऱ्यांचे जबाब आणि पोलीस पाटलांचा दाखला जोडावा, आणि बैलाच्या कानात बिल्ला मारलेला असेल तर त्या क्रमांकाची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यातून काढून आणावी. बैल आपला होता आणि त्या दिवसापर्यंत गोठ्यात होता, एवढे या कागदांतून दिसले पाहिजे. अर्ज दोन वेगळे करावेत, एक शेळ्यांचा आणि एक बैलाचा.